नाव पुसलेले चाकू

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या कड्या, कुलुपे, बिजागऱ्या आणि दिव्यांच्या काचा मांडून बसणाऱ्या एका विक्रेत्याकडे पत्र्याचा एक डबा असतो, आणि त्या डब्यात हात घालण्यापूर्वी मी नेहमी चष्मा पुसून घेते. गेल्या मार्गशीर्षात त्यातून घडीचा एक चाकू निघाला. तो बोटाएवढा लांब, दोन पात्यांचा आणि हाडाच्या मुठीचा होता, आणि मोठे पाते गंजाने इतके आवळले होते की नखाने उघडेना. "बाये, भाजी चिरपाक जाय जाल्यार ही नाका, दुसरी दितां," असे विक्रेता म्हणाला, आणि पात्यावरचे नाव वाचता येत नाही हे मी बोलून दाखवण्याआधीच त्याने स्वतःहून किंमत उतरवली. नाव नसणे ही त्याच्या लेखी खोट होती, आणि मी तो चाकू घेतला तो नेमका तेवढ्याचसाठी.

इंग्लंडमधील शेफिल्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस हा छाप, किंवा जॉर्ज वोस्टनहोमची 'आयएक्सएल' ही तीन अक्षरे जगभरच्या संग्राहकांना पाठ आहेत. त्या छापांच्या नकला त्यांच्या काळातच होत असत, आणि आजही पैसा त्यांच्याच मागे धावतो. मला त्या चाकूंविषयी आदर आहे. परंतु त्यांच्यापुढे बसल्यावर माझ्यासाठी काही शोधायचे उरत नाही. शिवाय पात्यावरचे नाव म्हणजे चाकू करणाऱ्याचे नाव, हा आपला समज बहुतेक वेळा चुकीचाच असतो.

शेफिल्डमध्ये चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची कंपनी ऑफ कटलर्स ही संस्था १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली, आणि छापांची नोंद ठेवणे हे तिचे एक मुख्य काम होते. छाप एकाचा असला तरी पाते घडवणारा वेगळा, ते चाकावर घासणारा वेगळा, आणि मूठ, कमान (म्हणजे पाते घट्ट धरणारी पाठीची स्प्रिंग) व पाते जुळवून चाकू उभा करणारा तिसराच असे. यांतले कितीतरी जण 'लिटल मेस्टर' म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर होते, जे भाड्याच्या खोलीत बसून आज एका कंपनीचे तर उद्या दुसरीचे काम करत. घासणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट होती, कारण वालुकाश्माच्या चाकांची धूळ फुफ्फुसांत जाऊन त्यांतले अनेक जण भर तारुण्यात दगावत. फ्रान्समधील तिएर गावी ड्यूरोल नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांपुढे कामगार फळीवर पालथे झोपून पाती घासत, आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्री बसवून घेत. जर्मनीतील सोलिंगेनलाही घरोघरी काम करणाऱ्यांच्या हातून माल तयार होऊन व्यापाऱ्याच्या नावाने बाहेर पडत असे. म्हणजे प्रसिद्ध छापाखाली अनामिक हात असतात आणि अप्रसिद्ध छापाखालीही तेच; फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात नाव आपल्याला भुलवत नाही आणि चाकूच वाचावा लागतो.

म्हापशाचा चाकू मी आठवडाभर शिलाई यंत्राच्या तेलात बुडवून ठेवला, तेव्हा कुठे मोठे पाते हलले. ते उघडताना अर्ध्यावर कुरकुरले, परंतु शेवटी जो 'टक्' आवाज झाला तो स्वच्छ होता, आणि पाठीची कमान इतक्या वर्षांनंतरही जिवंत असल्याचे त्या आवाजाने सांगितले. पाते उघडे असताना आणि मिटलेले असताना, दोन्ही वेळा कमानीची पाठ मुठीच्या कडेशी समतल बसत होती; बोट फिरवले तर पायरी लागत नव्हती. ही गोष्ट साधी वाटते, पण कानशीने रेसभर घास, जुळव, पुन्हा काढ, पुन्हा घास असे केल्याशिवाय ती साधत नाही, आणि घाईच्या, स्वस्त मालात ती हमखास चुकते. उजेडासमोर धरल्यावर कमान आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली नाही. मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या होत्या (या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नावालाही नसते), आणि मुठीच्या पट्टीवर भिंगातून बारीक काळे ठिपके दिसत होते, ज्यांवरून ते हस्तिदंत नसून हाड आहे हे कळते.

पाते मात्र बरेच झिजलेले होते. मुळाशी, जिथे धार लावता येत नाही, तिथे पात्याची मूळ रुंदी टिकून राहते. ती रुंदी आणि पात्याच्या मध्याची रुंदी यांची तुलना केली की पाजवून पाजवून किती पोलाद गेले ते समजते. इथे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता, आणि त्यामुळे मिटल्यावर टोक मुठीच्या वर डोकावत होते. असा चाकू खिसे फाडतो. जाणकार संग्राहक अशी वस्तू बाजूला टाकतात; मला वाटते, हा चाकू कुणीतरी खरोखर वापरला याहून चांगले प्रशस्तिपत्र त्याला मिळणार नाही.

मला ही ओढ आजोबांकडून लागली असावी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मानकुराद आंब्याची कलमे बांधताना ते ज्या चाकूने साल तिरकी तासत, त्याला ते 'कानिवेत' म्हणत, आणि तो पोर्तुगीज शब्द आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर गोव्याच्या दुकानांत परदेशी माल भरलेला असे, त्यातच तो घेतलेला होता. त्याची मूठ साध्या लाकडाची होती, कमान नव्हती, पाते केवळ रिव्हेटच्या घट्टपणावर उभे राहत असे. पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यात पालासोउलो नावाचे एक खेडे आहे, जिथे आजही लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूंचे छोटे कारखाने चालतात. आजोबांचा चाकू तिथला असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, आणि नसताना म्हणण्याची खोड संग्राहकांनी सोडायला हवी.

काळ ठरवताना देशाचे नाव उपयोगी पडते. जर्मन माल शेफिल्डचा म्हणून खपवला जाऊ नये यासाठी ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला, अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, आणि 'सोलिंगेन' या नावाला १९३८ मध्ये जर्मनीत कायद्याचे संरक्षण मिळाले. स्टेनलेस पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये १९१३ मध्ये तयार केले, त्यामुळे तसे पाते असेल तर चाकू त्याआधीचा असूच शकत नाही. मात्र ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा कायदा पोर्तुगीज गोव्याला लागू नव्हता, म्हणून इथे सापडलेल्या चाकूवर देशाचे नाव नसेल तर तो १८८७ पूर्वीचाच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

मुठीच्या बाबतीत मी एक पथ्य पाळते. सांबराचे शिंग आपल्याकडून शेफिल्ड-सोलिंगेनला जात असे, आणि त्याच्या मुठी दिसायला फार देखण्या असतात. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिंग आणि हस्तिदंत यांच्या वाटेला मी जात नाही. शस्त्र कायद्याचे भय मात्र अनाठायी आहे, कारण त्यातली मर्यादा नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची आहे.

आमच्याकडचा पाऊस हा या छंदाचा खरा शत्रू. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नये, चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात, एवढे मला माहीत होते. परंतु पिवळसर, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेल्या सेल्युलॉइडच्या (एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) मुठीचा एक चाकू मी इतर अकरा चाकूंबरोबर एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला होता. श्रावणात डबा उघडला तेव्हा कापराचा उग्र वास आला. सेल्युलॉइड जुने झाले की कुजते आणि त्यातून निघणारे वायू दमट हवेत आम्ल तयार करतात. त्या आम्लाने शेजारच्या चार पात्यांवर तांबडे खड्डे पाडले होते आणि पितळेवर हिरवा कळंक चढला होता. मूठ स्वतः भुसभुशीत होऊन भेगाळली होती. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून सेल्युलॉइडच्या मुठी उघड्या ताटात, वेगळ्या खोलीत असतात, आणि नागपंचमीनंतर एकदा व दसऱ्याला एकदा प्रत्येक सांध्यात तेलाचा थेंब पडतो. खोबरेल तेल मी वापरत नाही. ते सांध्यात चिकट होऊन बसते.

म्हापशाच्या चाकूवरचा छाप अखेरीस तिरप्या उजेडात, भिंगाखाली अर्धा उमटला. 'अँड सन' एवढेच वाचता आले. बापाचे नाव गंजाने खाल्ले आहे. मी चिठ्ठीवर तेवढेच लिहिले, खाली बाजार, वार आणि किंमत टाकली, आणि चिठ्ठी चाकूसह बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवली.