पाटीवरचं साल बदललं

खोक्यावर लिहिलं होतं: रोमन लीजनरी, ट्यूटोबुर्गचं जंगल, इ.स. ९. रोमन सेनापती व्हॅरसच्या तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, जिथे कापल्या गेल्या, ती लढाई. मला तोच सैनिक हवा होता, म्हणून चार महिने पैसे साठवून ७५ मिलिमीटरची ही धातूची मूर्ती मागवली.

प्रायमर मारण्याआधी सुटे भाग टेबलावर मांडले आणि नजर शिरस्त्राणावर अडकली. माथ्यावर फुलीसारख्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्या. त्या दिसू लागतात सम्राट ट्राजनच्या डेशियातल्या (आजच्या रोमानियातल्या) युद्धांच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. डेशियन लोकांची फाल्क्स, आतल्या बाजूला धार असलेली बाकदार तलवार, वरून कोसळायची. तिच्यापायीच ही मजबुती केली, असं मानलं जातं. मग तलवार पाहिली. समांतर धारा, आखूड टोक, म्हणजे पॉम्पेई प्रकार. इ.स. ९ मधल्या माणसाकडे माइन्झ प्रकारची हवी, रुंद पात्याची आणि लांब निमुळत्या टोकाची.

दोन दिवस मनाला लागून राहिलं. शिरस्त्राण तासायचं, तलवार नवी करायची? की मूर्तीच्या पाटीवरचं साल बदलायचं? मूर्ती मुळात डेशियातलीच होती, खोटं बोलत होती ती पाटी. मी पाटी बदलायचं ठरवलं.

पण मग फाल्क्ससमोर उजवा हात उघडा कसा चालेल? इथे दोन स्मारकं समोर ठेवून बसलो. एक रोममधला ट्राजनचा स्तंभ, इ.स. ११३ चा. त्यावर लीजनरी पट्ट्यांच्या चिलखतात आणि सहायक सैनिक कड्यांच्या, इतकी नीटनेटकी वाटणी की रणांगणावर ती असेल यावर माझा विश्वास बसत नाही. दुसरं रोमानियातलं अदमक्लिसीचं स्मारक, इ.स. १०९ चं. तिथली शिल्पं ओबडधोबड, माणसं ठेंगणी. पण त्यांत कड्यांची आणि खवल्यांची चिलखतं आहेत, आणि तलवारीच्या हातावर पट्ट्यांचं संरक्षण, मॅनिका. युद्ध जवळून पाहिलेल्या हातांचं हे काम वाटतं. मी अदमक्लिसीवर भरवसा ठेवला. चिलखत पट्ट्यांचंच ओतलेलं होतं, ते तसंच ठेवलं. हात मात्र झाकायचा.

मलमाच्या रिकाम्या ट्यूबचा पत्रा कापून मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि फेव्हिक्विकने थेट हातावर चिकटवल्या. कोपराच्या वळणावर त्या उचकटल्या. सगळ्या काढल्या. दुसऱ्यांदा आधी एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर दिला, तो अर्धवट कडक होऊ दिला आणि एकेक पट्टी चिमट्याने त्यात दाबत मनगटापासून खांद्यापर्यंत गेलो. कोपरापाशी बाहेरच्या अंगाला पट्ट्या विरळ ठेवल्या, आतल्या अंगाला दाट. मग हात खरोखर वाकलेला दिसू लागला! २३ पट्ट्या, तीन रात्री.

अंगरख्याला न रंगवलेल्या लोकरीचा मळकट पांढरा दिला. लाल की पांढरा हा वाद जुना आहे, आणि मोहिमेवरच्या साध्या शिपायाला मला लाल द्यावासा वाटला नाही.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा चुकीच्या बुरुजावर ठेवला तरी आजोबा उठून तो हलवायचे. परवा रात्री नवी पाटी लावताना त्यांची फार आठवण आली. तिच्यावर कोरलंय: डेशिया, इ.स. १०५.