तिळाची मूठ

पहिल्या उन्हाळी तिळात माझी चांगलीच फजिती झाली होती. हरभरा पेरलेली तिफण, म्हणजे तीन फणांची पाभर, तशीच जुंपली, खोली कमी करायचं डोक्यातच आलं नाही. रान भुसभुशीत, ओल छान, बी घरचंच. आठ दिवस झाले, दहा झाले, रान काळंच. शेवटी नखाने माती उकरली. दोन इंचांवर पांढरे, वाकडे कोंब, तिथेच दमून बसलेले.

तिळाचे हजार दाणे मिळून जेमतेम तीन ग्रॅम भरतात. एवढ्याशा दाण्याच्या पोटात शिदोरी ती किती! इंचभर माती ढकलली की संपली. तेव्हापासून अडीच सेंटीमीटरच्या खाली मी बी जाऊ देत नाही.

दुसरी भानगड मुठीची. एकरी किलोभर बी म्हटलं तरी तीन लाखांवर दाणे होतात, आणि रोपं हवीत नव्वद हजारांच्या आसपास. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, नुसतं बी मुठीने धरलं तर बोटांतून पाण्यासारखं वाहतं. म्हणून बियाइतकीच बारीक, कोरडी वाळू मिसळते. चाळलेलं शेणखतही चालतं, पण त्यात जरा ओल असली की नळीत बोळा बसतो आणि चार हात ओळ बियाविना गेलेली उगवणीनंतरच दिसते. फोकून, म्हणजे हाताने उधळून, पेरायच्या भानगडीत मी पडत नाही. पेरताना वाचलेला वेळ निंदणीत दुपटीने जातो.

उन्हाळी पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्याआधी थंडीत बी निपचित पडून राहतं. उशीर झाला तर काढणीला वळवाचा पाऊस गाठतो, आणि तेव्हा वाळलेली बोंडं तोंड उघडून बसलेली असतात. आधी रान ओलवायचं, वापसा आला, म्हणजे माती ओली पण चिकटत नाही अशी झाली, की पेरायचं, मग सारे, म्हणजे पाण्यासाठी लांबट वाफे, पाडून पाणी अगदी हलकं द्यायचं.

खरिपात भीती उलटी, पाण्याचीच. जून-जुलैत चांगला पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय मी तिफण बाहेर काढत नाही. पेरल्यावर जोराची सर आली आणि मागून ऊन पडलं, की वर पापडी धरते आणि कोंबाला ती फुटत नाही. पाणी साचलं तर दोन दिवसांत रोपं मान टाकतात. म्हणून उताराला आडवी पेरणी आणि मध्ये मध्ये पाणी काढायला चर. ओळींमधलं तण काढणारा डवरा नीट फिरावा म्हणून ओळी 45 सेंटीमीटरवर, रोपं 10 वर. उन्हाळ्यात 30 बाय 15 ठेवते. गुणाकार करून बघा, रोपाच्या वाट्याला जागा तेवढीच येते.

अर्धरब्बी, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या मधला तीळ, मी एकदाच केला, सप्टेंबरच्या सुरुवातीला, जमिनीतल्या ओलीवर. सकाळी वखर फिरवून माती मोकळी केली, लगेच मागून पेरणी. दुपारपर्यंत थांबलं असतं तर वरची ओल उडाली असती.

इतकं करूनही तीळ दाट उगवतोच. मग पंधरा-वीस दिवसांनी विरळणी. हिरवीगार ओळ हाताने उपटायला माझा जीव होत नसे. आई मात्र ओणवी होऊन दोन रोपांत आठ बोटं मोजायची आणि मधलं सगळं उपटून मागे टाकायची. मी एखादं जोमदार रोप हळूच राखलं, तर मान न वळवता म्हणायची, ''ते पण.''