अँकोट्स : बारीक सुतावर उभी राहिलेली वस्ती

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात रॉचडेल कालव्याला लागून रेडहिल स्ट्रीट आहे. या रस्त्यावर दोन जुन्या सूतगिरण्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत, मध्ये फक्त मरे स्ट्रीटची गल्ली. एक मरे बंधूंची ‘ओल्ड मिल’, १७९८ची. दुसरी मॅकॉनेल आणि केनेडी यांची सेजविक मिल, १८१८ ते १८२० या काळातली. दोन्ही आठ मजली. अंतर जेमतेम वीस वर्षांचं, पण तेवढ्यात गिरणी बांधायची रीतच पालटली.

अँकोट्सचा धंदा बारीक सुताचा. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. १०० काउंट म्हणजे एका पौंड कापसातून ८४,००० यार्ड, जवळपास ७७ किलोमीटर धागा. इतका बारीक धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, म्हणून खिडक्या बंद आणि हवा उबदार, दमट ठेवावी लागे. तुटलेलं टोक दिसायला मात्र भरपूर उजेड हवा. इमारती अरुंद आणि दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगाच रांगा, त्या यामुळे. तुटलेली टोकं सांधायचं काम मुलांकडे असे. नऊ वर्षांखालच्या मुलांना सूतगिरणीत बंदी करणारा कायदा १८१९ला आला.

आता जमिनीकडे, म्हणजे मजल्यांच्या तळाकडे बघा. मरे गिरणीत खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पण तुळया आणि फळ्या लाकडी. यंत्रांतून गळणारं तेल फळ्यांत मुरायचं, हवेत कापसाचा भुगा आणि जोडीला दिवे. ठिणगी पडली की अख्खी गिरणी जाण्याचीच भीती. सेजविक मिलमध्ये लाकूड काढून बिडाच्या तुळया घातल्या आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी बांधल्या. तिथल्या यंत्रजोडणीत विल्यम फेअरबेर्न हा पुढे नावारूपाला आलेला अभियंता होता. बीड दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. तुळईवर वजन आलं की ताण येतो खालच्या अंगाला, म्हणून अशा तुळईची खालची पट्टी रुंद ओततात. कमानीही नुसत्या खाली दाबत नाहीत, बाजूलाही रेटतात. तो रेटा धरायला लोखंडी सळया लागतात. ओतकामात आत पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही आणि बीड न वाकता एकदम मोडतं. एक तुळई गेली की रेट्याचा तोल बिघडून शेजारच्या कमानीही येऊ शकतात. म्हणून आगीपासून वाचवणारी ही रचना निर्धोक मुळीच नव्हती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

रॉचडेल कालवा १८०४ला पूर्ण झाला. मरे बंधूंनी गिरण्यांच्या चौकातच पाण्याचा धक्का केला आणि रस्त्याखालून बोगदा काढून तो कालव्याला जोडला. कोळसा आणि कापूस असे दोन्ही थेट दारात. १८२६मध्ये प्रशियाचा वास्तुविशारद शिंकेल इथे आला आणि या गिरण्यांची चित्रं काढून घेऊन गेला.

मुंबईशी याचा धागा जुळतो तो १८६१ ते १८६५च्या कापूस-टंचाईत. अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस अडला, मुंबईहून जाणाऱ्या ‘सुरती’ कापसाचे भाव कडाडले, त्या पैशावर बॅक बे भरावाच्या शेअरांचा सट्टा फुगला आणि युद्ध संपताच १८६५ला फुटला. अँकोट्सच्या बारीक सुताला मात्र हा कापूस चालण्यासारखा नव्हता. त्याचे तंतू आखूड. बारीक धाग्यात मुळात तंतू थोडे, ते एकमेकांवर पुरेसे चढले नाहीत तर पीळ धरत नाही आणि धागा सुटतो. त्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लांब धाग्याचा ‘सी आयलंड’ किंवा इजिप्तचाच कापूस हवा.

गिरण्या बघून झाल्या की लोक फिरतात ते थेट हॉटेलांकडे. त्याआधी व्हिक्टोरिया स्क्वेअर बघाच. १८९४मध्ये पुरी झालेली ही पाच मजली चाळ मँचेस्टर नगरपालिकेने बांधलेली पहिली घरं. मध्ये चौक, आतल्या बाजूने गॅलऱ्या. मोरी आणि संडास दोन बिऱ्हाडांत मिळून. पण भाडं इतकं की झोपड्या पाडून ज्यांना हलवलं, त्यांतल्या अनेकांना ते परवडलंच नाही. आजही तिथे माणसं राहतात, तेव्हा चौकात शिरून फोटो काढू नका, रस्त्यावरूनच बघा.