यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन

२०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन आता आमच्या शहराचा पावसाळी सणच झाली आहे. अंतर सुमारे २१ किलोमीटर असले, तरी सपाट रस्त्यावरचे २१ आणि हे २१ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समर्थ मंदिर आणि बोगदा मागे पडला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि कास पठाराकडे जाणाऱ्या या रस्त्यावर एरवी गाडीतून सहज कापलेले प्रत्येक वळण पायांना आपली खरी उंची दाखवते.

गेल्या वेळी वर इतके धुके होते की समोरच्या धावपटूच्या पाठीवरची ओली बनियन तेवढी दिसत होती. कडेच्या कातळावरून पाणी झिरपत होते आणि बुटांतून पचपच आवाज येत होता. खरा कस मात्र उतारावर लागतो, कारण तिथे शरीराचा वेग रोखताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावत राहतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणे अवघड होते. म्हणून सरावात चढाइतकाच उतारही धावावा, असे माझे ठाम मत आहे.

माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या मुलींना पहाटे धावताना पाहिले की मला फार आनंद होतो. यंदा माझी पुतणीही माझ्यासोबत घाट चढणार आहे.