माड तुमचाच कशावरून?

दुपारपासून हा एकच प्रश्न डोक्यातून जात नाही. माड तोडायची परवानगी मागायला सरकारी कचेरीच्या खिडकीशी गेले होते, तिथे हे ऐकलं. विचारणारा उर्मट नव्हता. मान वर न करता, सगळ्यांना विचारतात तसं त्यानं विचारलं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणा, नाव कोणाचं ते बघू. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. बदलायचं तर दादाची सही हवी, आणि दादा लिस्बनला. तो विषय आज नको.

माड स्वयंपाकघराच्या कौलांवर कलला आहे. बुंध्यात हात जाईल एवढी ढोल पडली आहे, नारळ पाडणारा पाडेली वर चढायला तयार नाही. वारा सुटला की आई चुलीवरचं उतरवून ओसरीवर येऊन बसते. आणि मी इथे सिद्ध करत बसायचं की माड आमचा आहे!

कर द्यायला माझी कधीच ना नव्हती. घरपट्टी भरते, वाटेवर दिवा लागतो, हिशेब कळतो. संविधानाचं २६५वं कलम तर मला फार आवडतं: कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे माझ्या पैशाला हात लावण्याआधी सरकारनं आपला अधिकार दाखवायचा. पैशाच्या बाबतीत पुरावा त्यांनी द्यायचा, मग माडाच्या बाबतीत तो मी का द्यायचा? कर भरताना मी ताठ उभी असते. आज त्या खिडकीपाशी आवाज आपोआप खाली गेला, तेच लागलंय मनाला.

आपल्याच गोष्टीसाठी परवानगी मागणं गोव्याला नवं नाही. इंग्रज-पोर्तुगीजांच्या १८७८च्या करारानंतर गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. मिठागर आपलं, घाम आपला, हुकूम परक्याचा. १८९२मध्ये तो करार संपला, पुढे १९६१मध्ये पोर्तुगीजही गेले. परवानगीची खिडकी मात्र राहिली. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९मध्ये 'स्वतंत्र' नावाचा पक्ष काढला तो या परमिट-लायसन्स राजविरुद्धच, जिथे तिथे सरकारी परवाना लागण्याविरुद्ध. आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. बाबा हे सांगताना हळहळायचे. तेव्हा मला ते जमीनदारी दुःख वाटायचं. बाबा आज असते तर...

पण २०१६ही आठवतं. माडाला झाडं राखणाऱ्या कायद्यातून वगळलं तेव्हा गोवाभर लोक चिडले, त्यांत मीही होते. बिल्डर आख्खी कुळागरं, माड-पोफळीच्या बागा, आडवी करतील ही भीती खोटी नव्हती. २०१७मध्ये माड राज्यवृक्ष झाला, संरक्षण परत आलं, आणि मला मनापासून आनंद झाला. आजही होईल. मग आज रडते कशाला?

रात्री जेवताना आई म्हणाली, "अगो, त्यानं विचारलं ते बरंच केलं. उद्या दुसराच कोणी आपला माड स्वतःचा म्हणून तोडायला आला तर?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच, तो प्रश्न मलाही राखतो. सरकार नसावं असं मला कधीच वाटलं नाही. ते कुठे थांबतं हे आधी कळावं, एवढंच वाटतं. माडांची बाग सपाट करणाऱ्याला जरूर अडवा, दहा कागद मागा. घरावर झुकलेल्या एका पोकळ माडासाठी माणूस येऊन बघून जाईल, एवढं तरी असावं. नियमाला या दोहोंतला फरक दिसत नसेल तर तो दिसेपर्यंत सांगत राहायचं. चिडण्यापेक्षा ते जास्त कामाचं, हे आता जेवल्यावर पटतंय.

उद्या उतारा काढते. दादाला फोनही करावा लागेल. अर्जासोबत बुंध्याचा फोटो जोडीन आणि उत्तर किती दिवसांत मिळेल ते लेखी मागेन. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात २०१३पासून आहे, तो इथे लागू होतो का तेही विचारेन. मोठ्या आवाजात.