मागचे समोर, समोरचे मागे

१९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारातल्या गाडीत कामाची वाटणीच बदलली. त्याआधीच्या अॅम्बेसेडर-पद्मिनीत मागची चाकं गाडी ढकलायची, समोरची वाट दाखवायची. नव्या गाडीत इंजिन समोर, ओढायचं काम समोरच्या चाकांकडे, वळायचं त्यांनीच. ब्रेक दाबला की सगळं वजन समोर झुकतं, म्हणून थांबवण्याचा मोठा भारही त्यांच्यावरच. मागच्या दोघांनी फक्त सोबत यायचं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हाच संसार चालू आहे, आणि समोरचे टायर आधी गोटा होतात यात नवल काही नाही.

यावरचा इलाज साधा आहे. साधारण आठ-दहा हजार किलोमीटर झाले की टायरांच्या जागा बदलायच्या. नागपूरकराला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून राज्याचं अख्खं सरकार दर हिवाळ्यात फायली आणि हुरड्याची भूक घेऊन आमच्याकडे येतं. विदर्भाकडे दुर्लक्ष होऊ नये, सगळा कारभार मुंबईतच साठू नये, हा त्यामागचा विचार. फरक इतकाच की अधिवेशन आटोपलं की सरकार परत आपल्या जागेवर जातं. टायर जात नाहीत, पुढच्या बदलीपर्यंत तिथेच राबतात.

जागा बदलायची पण एक रीत आहे. समोरचं चाक ओढणाऱ्या गाडीत समोरचे दोन सरळ मागे जातात आणि मागचे दोन समोर येताना बाजू बदलतात, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मागचं चाक ढकलणाऱ्या गाडीत याच्या उलट: मागचे सरळ समोर, समोरचे तिरपे मागे. ज्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो त्याला बाजू बदलण्याची मुभा नाही, तो आपल्याच बाजूला मागे-समोर करायचा. जुने मिस्त्री अजूनही रेडियल टायर, म्हणजे आजच्या गाड्यांत सर्रास असतो तो, तिरपा टाकायला तयार होत नाहीत. "त्याची चाल बिघडते जी," म्हणतात. एके काळी तशीच शिफारस होती. आता कंपन्याच तिरपं करायला सांगतात. मिस्त्रीशी वाद घालण्यापेक्षा गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरावं. तो वाचत नाही, पण चित्र बघतो.

मला या सगळ्यात खरी गंमत वाटते ती गाडी जॅकवर असताना. चाक निघालं की टायर नीट बघायला मिळतो, एरवी कोण वाकून बघतं? दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली. मधलाच घासला असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसली आहेत का ते, बघा. हात एका दिशेने फिरवला तर सपाट आणि उलटा फिरवला तर दाते लागतात, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर नाहीत, जराशी आत किंवा बाहेर तोंड करून धावत आहेत. समोरच्या डाव्या टायरची बाहेरची कड उजव्यापेक्षा जास्त घासलेली दिसली तर चौकांची आठवण ठेवावी. आपण गोल चौकाला उजव्या हाताला ठेवून वळसा घालतो, गाडी उजवीकडे वळते आणि अंग डावीकडे टाकते. वळणावर वेग कमी न करणाऱ्याचा स्वभाव त्या कडेवर लिहिलेला असतो. घरी कितीही नाकबूल करा.

आणि हे बिघाड दुरुस्त न करता नुसत्या जागा बदलल्या, तर चारही टायर सारखेच खराब होतात. तीही एक समानताच म्हणा. शिवाय वेडावाकडा घासलेला टायर मागून समोर आला की त्याची घरघर आता स्टिअरिंगखालून ऐकू येते. सिमेंटच्या रस्त्यांवर तर फारच.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावं. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवा तपासायची ती सकाळी, गाडी बाहेर निघायच्या आधी. तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, आणि तो बघून हवा काढून टाकणारे शहाणे पंपावर नेहमी भेटतात. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दबतो, जास्त दबतो म्हणून जास्त तापतो. असा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर तासाला १२० च्या वेगाने निघायचं, हे धाडस नव्हे. झिजलेला टायर घेऊन तर नाहीच.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलीमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज तिथवर आली की १.६ मिलीमीटर उरले आणि टायर कायद्यानेही संपला. पावसात मात्र त्याच्या बऱ्याच आधी, ३ मिलीमीटरच्या आसपासच, पकड ढिली पडायला लागते. म्हणून जागा बदलायच्या तर फरक थोडा असतानाच बदलाव्यात. समोरचे पार घासून गेल्यावर त्यांना मागे पाठवणं ही युक्ती नव्हे. गुळगुळीत टायर मागे गेला की ओल्या वळणावर गाडीची शेपटीच आधी सुटते.

आमच्या घरात या विषयावर हिशेबाचा मुद्दा निघतो. "अहो, म्हणजे चारही एकदम घ्यायचे?" हो, नियमाने जागा बदलत राहिलं तर चारही एकदमच संपतात. बिल एकाच दिवशी येतं, आणि त्या महिन्यात बाकी सगळी खरेदी थांबते. घरचा तोडगा असा, की जागा बदलूच नये, दोन-दोन टायर आलटून पालटून घ्यावेत. वाईट नाही. फक्त नवीन जोडी कुठे लावायची, हा प्रश्न त्यातून निघतो, आणि तो मी वाडीकडच्या टायरवाल्याच्या दुकानात चांगला पेटलेला पाहिला आहे.

"नवीन समोर टाका ना जी. ओढते तर समोरचेच."

दहापैकी नऊ जण हेच म्हणतील, ऐकायला बरोबरही वाटतं. पण नवीन जोडी मागे लावायची असते. समोरचं चाक पाण्यात घसरलं तर स्टिअरिंग हलकं पडतं, हाताला कळतं, पाय उचलला की बऱ्याचदा गाडी परत ताब्यात येते. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडीचं तोंड फिरलेलं असतं.

"आपण तर इतके वर्ष समोरच टाकून राहिलो," टायरवाला म्हणाला. मग त्याने माझे मागे लावले, आणि माझ्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाचे समोर.