सातवीत फ्रेंच इमर्शन सोडायला सांगितलं तेव्हा : माझा अनुभव

शाळेतली मीटिंग पंचवीस मिनिटांची होती. पहिली पाच मिनिटं माझी लेक किती गुणी आहे हे सांगण्यात गेली. सहाव्या मिनिटाला टेबलावरून एक फॉर्म माझ्यापुढे आला. त्यावर तिचं नाव आधीच टाइप केलेलं होतं आणि सहीच्या जागेशी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. फ्रेंच इमर्शन, म्हणजे शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग, तो सोडून इंग्रजी वर्गात जाण्याचा तो फॉर्म. इथे त्याला ‘डेमिशन’ म्हणतात. या गोष्टीला दीड वर्ष झालं, पण ती पिवळी चिठ्ठी आठवली की अजून माझ्या पोटात ढवळतं.

आम्ही मूळचे सांगलीचे, आता कॅनडात ऑन्टारियोमध्ये, टोरंटोपासून तासाभरावर राहतो. लेक पहिलीपासून फ्रेंच इमर्शनला आहे. प्रवेश, बस, पहिली पाच वर्षं, कशाचाच त्रास झाला नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. गाडी अडली ती सातवीत. इथे सातवीला इतिहास आणि विज्ञान एकदम जड होतं, आणि तिच्या शाळेत ते दोन्ही फ्रेंचमधून. तोवर गोष्टी, गाणी, चित्रं यांवर निभावलेलं मूल एकदम 1713 ते 1850 चा कॅनडा परक्या भाषेत वाचायला लागतं. माझी लेक तोंडी सगळं सांगायची, पण पान वाचायला बसली की अर्ध्या तासात रडकुंडीला यायची.

मीटिंगमध्ये शाळेकडून चौघं होते. त्यांच्यातल्या एकाचं वाक्य मी विसरणार नाही : ‘‘तुमच्या घरी फ्रेंच कुणाला येत नाही, त्यातून ती आधीच दोन भाषा सांभाळते, मग हा भार कशाला?’’ मी गप्प बसले. खरं तर उत्तर साधं होतं. इमर्शन ही पद्धत 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्टमध्ये सुरू झाली ती इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांनी मागणी लावून धरली म्हणून. ज्या घरात फ्रेंच नाही, त्या घरच्या मुलांसाठीच ती काढली. पण हे मला त्या रात्री घरी आल्यावर सुचलं.

मी एवढंच म्हणाले की फॉर्म घरी नेते, नवऱ्याशी बोलते. त्या दिवशी मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या मीटिंगमध्ये सही करू नका. आमच्या भागातल्या शाळांच्या बोर्डात एकदा इमर्शनमधून बाहेर पडलं की परत प्रवेश नाही, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्मच्या मागच्या पानावर तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात छापलं होतं.

त्या रात्री नवरा आणि मी स्वयंपाकघरात बसून एक प्रश्न लिहून काढला. इंग्रजी वर्गात गेल्यावर तिला जी मदत मिळेल असं तुम्ही म्हणता, ती मदत आत्ता, आहे त्याच वर्गात का मिळत नाही? दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न ईमेलने पाठवला. उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. तेही दोन ओळींचं : मदतीची शिक्षिका इंग्रजी विभागाला नेमलेली आहे, आणि मुलीच्या हिताचा विचार करावा.

मुलीच्या हिताचा विचार. मी त्या एकोणीस दिवसांत दुसरं काय करत होते? रोज दुपारी फोन उघडून पाहायचे. कचेरीत फोन केला की ‘निरोप देते’. प्रत्यक्ष गेले तर ज्यांना भेटायचं ते ट्रेनिंगला. आणि घरी लेक विचारायची, ‘‘आई, मी ढ आहे म्हणून काढतायत का मला?’’ बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडचं हे वाक्य ऐकल्यावर माझ्यातली भीड संपली.

मग मी वाचायला लागले. ऑन्टारियोच्या शिक्षण खात्याने 2013 मध्ये फ्रेंच शिकवण्याचा जो आराखडा काढला, त्यात हे कार्यक्रम सर्व विद्यार्थ्यांसाठी आहेत असं तत्त्व म्हणून मांडलंय. 2015 मध्ये खास गरजा असलेल्या मुलांना फ्रेंचच्या वर्गात कसं सामावून घ्यायचं यावर वेगळी पुस्तिका निघाली. मॅकगिल विद्यापीठातले फ्रेड जेनेसी यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलंय. शिकायला अडचण असलेली मुलं इमर्शनमध्ये राहिल्यामुळे इंग्रजीत मागे पडत नाहीत, तशाच अडचणीच्या इंग्रजी वर्गातल्या मुलांइतकंच त्यांना येतं, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना मी लेकीला इंग्रजी गोष्टीचं पान मोठ्याने वाचायला दिलं. इंग्रजीतही ती तशीच अडखळत होती, ओळ सुटत होती, बोट ठेवून परत मागे येत होती. म्हणजे अडचण फ्रेंचची नव्हतीच, वाचण्याची होती. इंग्रजी वर्गात पाठवून ती काही जाणार नव्हती. ही तपासणी घरी दहा मिनिटांत होते. शाळेने ती सहा वर्षांत केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

दुसऱ्या मीटिंगला मी तीन गोष्टी लेखी मागितल्या : आजवर वर्गात काय मदत करून पाहिली, त्याचा काय परिणाम झाला, आणि आयईपी कधी होणार. आयईपी म्हणजे मुलासाठी लिहिलेली वैयक्तिक शिक्षण योजना. ‘‘त्यासाठी आधी मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी लागते आणि यादी दोन वर्षांची आहे,’’ असं उत्तर मिळालं. दोन वर्षांत ती नववीला जाणार! बाहेरून खासगी तपासणी करायची तर आम्हाला 3,200 डॉलर सांगितले, नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यातून त्यातले 500 सुटत होते. आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. पण ऑन्टारियोत औपचारिक निदान नसलं तरी शाळा मुलासाठी आयईपी लिहू शकते. हे मला शेजारच्या गावातल्या एका तमिळ आईने सांगितलं, तिच्या मुलाचं तसंच झालं होतं. जे कचेरीतल्या एकानेही सांगितलं नाही, ते तिने बसस्टॉपवर पाच मिनिटांत सांगितलं.

इथे एक नियम लक्षात ठेवा. मुलाची गरज ठरवणाऱ्या समितीची, म्हणजे आयपीआरसीची, मागणी पालकाने लेखी केली की मुख्याध्यापकांना 15 दिवसांत लेखी कळवावं लागतं की समिती साधारण कधी बसेल. नियम 181/98 मध्ये हे आहे. तोंडी मागणीला तो लागू नाही, म्हणून कागद द्या आणि तारीख टाका. मी नियमाचा क्रमांक टाकून पत्र दिलं, आणि आठव्या दिवशी मीटिंगचं बोलावणं आलं. पिवळ्या चिठ्ठीचा विषय कुणी काढला नाही.

फेब्रुवारीत आयईपी हातात पडला. परीक्षेला जास्त वेळ, इतिहास-विज्ञानात स्पेलिंगचे गुण कापायचे नाहीत, उत्तर तोंडी द्यायची मुभा, आणि धडा कॉम्प्युटरने मोठ्याने वाचून दाखवायचा. शेवटच्या गोष्टीत एक खोच आहे. वाचणाऱ्याचा आवाज फ्रेंचवर लावलाय का ते स्वतः पाहा. आमच्याकडे पहिले तीन आठवडे इंग्रजी आवाज फ्रेंच शब्द वाचत होता आणि लेक म्हणत होती, काही कळत नाही.

आता घरी काय केलं ते सांगते, कारण मला सर्वांत जास्त समाधान त्याचं आहे. ‘घरी फ्रेंच नाही’ असं ते मीटिंगमध्ये म्हणाले ना, पण घरी मराठी होती. फ्रेंच व्याकरणातल्या ज्या जागी इंग्रजी घरातली मुलं अडतात, त्यातल्या काही जागा मराठी मुलाला उपजत येतात, फक्त कुणीतरी दाखवून द्यायला हवं. अँपार्फे आणि पासे काँपोझे या दोन भूतकाळांत लेक कायम गोंधळायची. मी तिला विचारलं, ‘‘मी लहानपणी खेळायचे’’ आणि ‘‘मी काल खेळले’’ यात फरक काय? ती म्हणाली, पहिलं नेहमीचं, दुसरं एकदाच झालेलं. म्हटलं, झालं तर! ‘खेळायचे’ म्हणजे अँपार्फे, ‘खेळले’ म्हणजे पासे काँपोझे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो चेहरा मी जपून ठेवलाय.

तसंच ‘ला लेत्र क जे एक्रित’. मी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी ती, म्हणून लिहिलेली. फ्रेंचमध्येही लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक्री’चं ‘एक्रित’ होतं. इंग्रजीतून हा नियम समजावताना टीचरने अर्धं पान खर्च केलं होतं. आम्हाला ती एक चिठ्ठी पुरली. तू आणि तुम्ही तर जसंच्या तसं, त्यू आणि व्हू. टीचरला ‘त्यू’ लिहिल्याबद्दल तिला लाल रेघ आली होती. आजोबांना तू म्हणशील का, एवढंच मी विचारलं. लिंगं मात्र जुळतीलच असं नाही. खुर्ची तिथेही ती, पण पुस्तक तिथे तो, कारण तिथे ‘ते’ नाहीच.

विज्ञानाला स्वयंपाकघर वापरलं. मिश्रणांचा धडा होता. तिने एका पेल्यात साखर विरघळवली, दुसऱ्या वाटीत कुरमुरे, शेव, कांदा कालवला. आधी मराठीत सांगितलं : साखर दिसत नाही पण प्रत्येक घोटात आहे, भेळेत मात्र शेव वेगळी काढता येते. मग तेच फ्रेंचमध्ये, मेलाँज ओमोझेन आणि मेलाँज एतेरोझेन. माझ्या मते हाच क्रम ठेवावा. अर्थ आधी घरच्या भाषेत बसू द्यावा, शब्द मागून येतो.

इतिहासाची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. शनिवारी सकाळी, म्हणजे सांगलीच्या संध्याकाळी, लेक व्हिडिओ कॉलवर त्यांना त्या आठवड्याचा धडा मराठीत सांगते. 1755 मध्ये इंग्रजांनी अकेडियन लोकांना, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फ्रेंच बोलणाऱ्या वसाहतकऱ्यांना, गावांतून हाकलून जहाजांत भरलं, तो धडा झाला त्या दिवशी आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘‘आणि घरातली माणसं एका जहाजात बसली का गं सगळी?’’ लेकीला उत्तर येत नव्हतं. तिने रविवारी स्वतःहून फ्रेंच पान उघडलं आणि शोधलं. अनेक कुटुंबांची ताटातूट झाली होती. सोमवारी तिने तो प्रश्न वर्गात विचारला.

आणखी एक राहिलं. ऑन्टारियोत आठवीच्या शेवटापर्यंत इमर्शनच्या मुलाचे फ्रेंचमधले किमान 3,800 तास भरतात. सातवीत सोडायला सांगतात तेव्हा त्यातले बहुतेक होऊन गेलेले असतात, हे सही करण्याआधी मोजा.

आणि आयईपी वर्षाच्या शेवटी आपोआप नव्या टीचरच्या हातात पोचतो असं धरून चालू नका. आमचा पोचला नव्हता. आठवीच्या पहिल्या चाचणीत स्पेलिंगचे अकरा गुण कापले गेले, तेव्हा कळलं. मी छापील प्रत घेऊन गेले. नव्या टीचरने ती माझ्यासमोर पूर्ण वाचली, दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली आणि चाचणी परत तपासायला ठेवून घेतली.